बिनदेवाची पत्रिका

आमच्या थोरल्या साडूंइतका देवभोळा माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही, आणि देवाला दुकानाच्या दारातून परत पाठवणारा माणूसही त्यांच्यासारखा दुसरा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिद्धरामेश्वराचं दर्शन झाल्याशिवाय चहाचा घोट घेत नाहीत, सोमवारी मीठ खात नाहीत, श्रावणात दाढीला वस्तरा लावत नाहीत. पोट बिघडलं तर आधी अंगारा, मग डॉक्टर. आणि अशा माणसाचा धंदा काय, तर लग्नपत्रिका छापायचा. आणि त्या पत्रिकेवर देव म्हणून छापायचा नाही! गणपती नाही, कुलस्वामिनी नाही, साधा 'श्री'सुद्धा नाही. गिऱ्हाईक म्हणतं, वर मध्यभागी छानसा गणपती टाका. साडू म्हणतात, खाली नवऱ्याच्या आजोबांचं नाव म्हणाल तेवढ्या मोठ्या टाइपात टाकतो, पण वर देव नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा नास्तिक दिसतोय. मग त्याचं लक्ष साडूंच्या कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांकडे जातं आणि ते पुरतं चक्रावतं.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. लग्न लागलं की पत्रिका रद्दीत जाते, रद्दीतून भेळवाल्याकडे, भेळ संपली की रस्त्यावर, आणि मग त्यावर कुणाचाही पाय पडतो. ते पाप छापणाऱ्याच्या माथी. त्यांच्याकडे आणखी एक मुद्दा आहे आणि तो ते विशेष खुशीत असले की काढतात. पहिली पत्रिका आपण देवापुढे ठेवतो, म्हणजे देव हा लग्नाचा पहिला पाहुणा. मग ज्याला आमंत्रण द्यायचं त्याचाच फोटो आमंत्रणावर? तसं असेल तर तुमच्या आत्याचाही टाका की, तिलाही पत्रिका जाणारच आहे. यावर आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. बहुतेक गिऱ्हाइकं उत्तर न देता शेजारच्या प्रेसमध्ये जातात.

घरचे म्हणून आमची सुटका झाली असेल असं समजू नका. आम्ही जुळे सोलापूर या भागात फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या पत्रिका त्यांच्याकडूनच छापून घेतल्या. दुसरीकडून घेतल्या असत्या तर बायकोने मला नव्या घरात पाऊल टाकू दिलं नसतं. पत्रिका आली ती वरून मोकळी, टक्कल पडल्यासारखी. माझ्या चुलत्यांनी फोन करून हळू आवाजात विचारलं, सगळं ठीक आहे ना, धर्मबिर्म बदलला नाहीस ना? पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनीसुद्धा पत्रिका उलटसुलट करून पाहिली.

एकदा एका उमेदवाराचे कार्यकर्ते आले. पत्रकावर एका बाजूला महादेव आणि एका बाजूला त्यांचे उमेदवार दादा हवे होते. साडू म्हणाले, दादांना एकटं छापतो, त्यांच्यावर पाय पडला तर माझी काही हरकत नाही. कार्यकर्ते जे गेले ते परत आले नाहीत. एका कापडवाल्या चाचांनी बिलबुकावर ७८६ टाकायला सांगितलं, तेही साडूंनी नाकारलं. चाचा मात्र खूष होऊन म्हणाले, "तुम तो हमारे से जास्ती पक्के निकले जी," आणि बिलबुक साधंच छापून घेऊन गेले. रस्त्यात देवाचं चित्र असलेलं उदबत्तीचं खोकं दिसलं, फटाक्याच्या कागदावरची लक्ष्मी दिसली, की साडू स्कूटर थांबवतात, चित्र उचलून कपाळाला लावतात आणि डिकीत ठेवतात. त्या डिकीत स्टेपनीला जागा उरलेली नाही. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते, यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे भाजी मांडीवर घेऊन यायची.

मी जन्मभर ग्राहक न्यायालयात कारकुनी केली. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं हा माझा हक्कच आहे असं मी समजतो. मी म्हणायचो, एकदा दुकान उघडलं की आपली श्रद्धा घरी ठेवायची. उद्या प्रत्येक दुकानदार आपापल्या देवाचं नाव घेऊन गिऱ्हाइकाला हाकलायला लागला तर लोकांनी जायचं कुठं? ते शांतपणे म्हणायचे, "मी माणसाला नाही म्हणत नाही, मजकुराला नाही म्हणतो. माणसाला म्हटलं तर मला धरून न्या की." ह्या वाक्यावर त्यांचा फार भरवसा होता. खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं.

मग एके दिवशी लावण्या नावाची मुलगी दुकानात आली. मी तेव्हा तिथेच चहा पीत बसलो होतो. गावाच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली पोरगी, वडील चादरीच्या कारखान्यात मागावर काम करून घरी बसलेले. मुलगा ख्रिश्चन, तिच्याच ऑफिसातला. दोघांचं लग्न नोंदणी पद्धतीने व्हायचं होतं आणि नंतर एक छोटं जेवण. तिच्या वडिलांनी कसंबसं हो म्हटलं होतं, पण एका अटीवर. पत्रिकेवर गणपती असेल तर येतो, नाहीतर येत नाही. मुलाच्या आईला क्रॉस हवा होता. म्हणून पोरगी एकाच पत्रिकेवर दोन्ही छापून घ्यायला गावभर प्रेस शोधत होती. एकाने दोन्हीकडची नावं वाचली आणि आमच्या धर्मात असलं बसत नाही म्हणून कागद परत केला. दुसरा म्हणाला, छापलं तर माझ्या काचा फुटतील. हे ऐकून साडू असे तापले की त्यांनी चहा बाजूला सारला. नावं बघून नाही म्हणतात? ही काय माणसं आहेत? मग त्यांनी तिचा मजकूर हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, पत्रिका मी छापतो बाळ, पण देव नाही. दोन्ही नाहीत.

पोरगी रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, त्यांनीपण नाहीच म्हटलं आणि तुम्हीपण नाहीच. माझे पप्पा तर येणारच नाहीत ना?"

ती गेली, तरी तिचा कागद साडूंच्या हातातच होता. मी गप्प बसावं की नाही, पण बोललो: एकदा छापून टाका, महादेव काय तुम्हाला फासावर देतोय? त्यांनी खरंच कॉम्प्युटरवर एक गणपती काढला, त्याच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि पुसून टाकला. म्हणाले, हे माझ्याच्यानं होणार नाही. पण पोरीच्या बापाला घरी बसवायचं पापही मला झेपायचं नाही. चला, तुमची गाडी काढा.

आम्ही तिच्या घरी गेलो तर वडील टीव्हीवरची नजर काढेनात. साडूंनी आपण कोण ते सांगितलं आणि सरळ म्हणाले, पत्रिकेवर गणपती मी छापणार नाही, तेवढं तोंडानं सांगायला आलोय. "बरं झालं की," वडील म्हणाले, "मग मला यायला नको." झालं, संपलं. मी उठायच्या बेतात होतो. साडू मात्र पलंगावर अंथरलेल्या चादरीवरून हात फिरवत बसले. चादर तुमच्या हातची का? व्हय म्हणाले. मग ह्यावर मोर काढलाय, गणपती का नाही काढला?

हा काय खुळा प्रश्न, अशा नजरेनं त्यांनी साडूंकडे पाहिलं. "अंथरायच्या चादरीवर देव कोण विणतंय ओ? पाय लागतात की. एकदा मालकानं सांगितलं होतं तसं. मी माग बंद करून भाईर जाऊन उभारलो."

"मीपण माग बंद करूनच उभारलोय बघा," साडू म्हणाले.

बापाने टीव्ही बंद केला आणि पत्रिका कशी रद्दीत जाते ते साडूंकडून शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या सासूच्या क्रॉसचं काय, असं विचारलं. तोही नाही, उद्या त्यांच्या घरीही सांगायला जाणार आहे, असं साडूंनी म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा हसू आलं. हसता हसताच डोळे भरले.

"गणपतीचं निमित्त ओ," तो म्हणाला. "पोरगी दुसऱ्या देवाच्या घरात चालली. आपला देव निदान कागदावर तरी तिच्यासंगं जावा वाटलं."

"कागदावरचा देव कुठवर जाणार, मालक? तुम्ही जा की तिच्यासंगं."

आतून चहा आला, तो आम्ही प्यायलो. निघताना बाप दारापर्यंत आला आणि साडूंना म्हणाला, साधीच छापा. पहिली मी आमच्या गणपतीपुढं ठेवतो. "दुसरी त्यांच्या देवापुढं ठेवा म्हणावं. बोलावलं नाही असं नको व्हायला." परतताना साडू गाडीवर माझ्या मागे बसून नाक ओढत होते, मी विचारलं तर म्हणाले, धूळ लई उडालीय. दुसऱ्या दिवशी साडू मुलाच्या आईलाही सांगून आले, तीही साध्या पत्रिकेवर राजी झाली. बाप जेवणाला आला, पोरीचा हात धरून शेवटपर्यंत बसला, आणि मुलाच्या आईनं वाढलेला भात त्याने पुन्हा मागून घेतला. मी पाहिलंय.

मी पुढे एकदा त्यांना चिडवलं, की शेवटी मजकूर आणि माणूस वेगळे निघाले नाहीत ना? साडू म्हणाले, "नाही म्हणायचा हक्क माणसाला असावा. पण नाही म्हटल्यावर त्याच्या घरी जाऊन बसायचं असतं, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं." माझ्या सगळ्या कारकुनीत इतका न्याय मी ऐकला नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते लाजले.

हल्ली पत्रिका मोबाइलवर येतात. त्यात गणपती सोंड हलवतो, फुलं उधळतात, आणि दुसऱ्या दिवशी आपण त्या पुसून टाकतो. साडूंचं दुकान अजून उघडतं. ते भस्म लावून, चष्मा पुसून वाट बघत बसतात. परवा गेलो तर मला बघून आधी त्यांचा चेहरा फुलला, आणि मग मीच आहे हे कळल्यावर जरा उतरला. "तुम्ही होय," ते म्हणाले. "बसा. आता नाही म्हणायलासुद्धा कुणी येत नाही बघा."