मामाला खरं रडू हवं होतं

माझा मामा हिंदी सिनेमात होता. म्हणजे पडद्यावर नेमका कुठे, ते बोट ठेवून दाखवावं लागायचं. आधी हीरोच्या मित्रांमधला एक, मग हिरॉइनचा भाऊ, केस पिकल्यावर इन्स्पेक्टर. एकदा त्याला दिग्दर्शनही करायला मिळालं. तो सिनेमा सुरतेत लागला तेव्हा आम्ही डिंडोलीच्या घरून रिक्षा भरून गेलो आणि परत येताना कुणीच कुणाशी बोललं नाही. आई तेवढी भेटेल त्याला सांगत राहिली की लोकांना कळायला वेळ लागेल. मामा तिचा एकुलता एक भाऊ, तिने कडेवर घेऊन वाढवलेला. त्याला कुणी नावं ठेवली की ती समोरचं ताट सारून भांडायला उठायची.

मुंबईत काम मिळेनासं झालं आणि मामाला अहिराणीची आठवण आली. इतकी वर्षं आमच्याशीही फोनवर हिंदीत बोलणारा माणूस खानदेशच्या मातीबद्दल सांगू लागला. मोबाइलवर दाखवायला अहिराणी सिनेमा काढायचा, सुरतेत राबणाऱ्या आपल्या माणसांचा. शूटिंग आमच्याच घरी, म्हणजे भाडं नको. कारखान्यात मुलगा गमावलेल्या बाईचं काम आईच, त्याची आक्का, करेल, म्हणजे तिलाही काही द्यायला नको. आईने आनंदाने नवी साडी काढली. मामाने ती बदलायला लावली आणि जुनेर नेसवलं.

मामाचा एक हेका होता. डोळ्यांत ग्लिसरीन घालून आणलेलं पाणी त्याला चालायचं नाही. रडू खरं पाहिजे, असं तो जेवतानासुद्धा ऐकवायचा. मला वाटायचं, हा स्वतः एकदा तरी खरा रडला असता तर चार चांगली कामं मिळाली असती.

त्या दिवशी मी इच्छापोरच्या कारखान्यातून दुपारी सुटून घरी आलो. जिन्याखाली मामाच्या एका माणसाने हात आडवा धरला. वर टेक चालू आहे, आवाज करू नका, म्हणाला. मी तिथेच उभा राहिलो. वरून आईचं रडणं ऐकू येत होतं. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. अंगावर काटा आला आणि छातीही फुगली. आईला एवढं येतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

‘कट’ ऐकू आल्यावर मी वर गेलो. आई फरशीवर बसली होती. मला पाहिल्याबरोबर तिचं रडणं थांबलं. मग तिने माझे हात ओढून घेतले, बोटं चाचपली, शर्ट वर करून पोट पाहिलं. टेकच्या आधी मामाने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की इच्छापोरहून फोन आला, पोरगा मशीनमध्ये सापडला, संपला. कॅमेरा तिच्या नकळत चालू ठेवला होता. दारात जमलेल्या शेजारणींनाही ते खरंच वाटलं होतं.

मामा खूश होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, अभिनय असा काढून घ्यावा लागतो. आईने माझा हात सोडला नव्हता म्हणून त्याचं थोबाड वाचलं. तेवढ्यात साउंडवाल्याने सांगितलं की मध्येच खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी आली आहे, परत घ्यावं लागेल.

आईला परत रडू येईना. मामाने आधी गोडीत समजावलं, मग आवाज चढवला, मग तो माझ्याकडे वळला.

“तू जरा खाली जाऊन उभा राहा,” तो म्हणाला. “तू असा जिवंत समोर दिसतोस, तिला रडू कसं येईल?”

आईने माझा हात सोडला. ती मामाच्या तोंडाकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मामाने हळूच कॅमेरामनला खूण केली. आईने कपाळावर हात मारून घेतला आणि हंबरडा फोडला.

“मना भाऊ मरी गया वं माय. मना भाऊ गया.”

शेजारणींनी तोंडाला पदर लावले. मामाने सीन संपेपर्यंत चालू दिला. डायलॉग चुकला, मुलाच्या जागी भाऊ आला, पण ते डबिंगमध्ये दुरुस्त करता येईल, रडणं एक नंबर आहे, असं तो कॅमेरामनला समाधानाने सांगत होता.

आई उठली, मोरीत गेली आणि नेसत्या जुनेरानिशी थंड पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली. आमच्याकडे रक्ताच्या माणसाच्या मरणाची बातमी आली की बाया अशीच अंघोळ करतात. शेजारणी खाली मान घालून एकेक करत निघून गेल्या. मला भीती वाटली, कारण आई एकदा केलेली गोष्ट मागे घेत नाही. मातीतला सिनेमा काढणाऱ्या माझ्या मामाला पाण्याचा आवाज तेवढा ऐकू आला.

“आक्का, तोंड धुऊ नको,” तो बाहेरून म्हणाला. “क्लोजअप बाकी आहे.”