मानेच्या गाठीचा कोड

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी आजारांना आकडे देते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याचा ठरलेला कोड संगणकात भरायचा, हे माझं काम. मानेतल्या, काखेतल्या लसिका ग्रंथी सुजलेल्या पेशंटच्या फाइली सगळे माझ्याकडे ढकलतात. एकाच गाठीमागे साधा जंतुसंसर्ग असतो, क्षयरोग असतो, नाहीतर कॅन्सर, आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. मला ते तोंडपाठ होते आणि त्याचा जरा माजही होता.

मैंदर्गीकडचे एक मेंढपाळ आजोबा मानेला गाठी आल्या म्हणून आले होते. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि केसपेपरवर ‘लिम्फोमा’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. कॅन्सरचा संशय आहे, खात्री नाही. अशा वेळी कॅन्सरचा कोड द्यायचा नसतो, नुसती गाठ सुजल्याचा द्यायचा, हे नव्या मुलींना मीच शिकवते. त्या दिवशी टेबलावर फाइलींचा ढीग होता. मी प्रश्नचिन्ह खाऊन टाकलं आणि कॅन्सरचा सी पंच्याऐंशी पॉइंट नऊ ठोकून दिला. आजोबांच्या कार्डावर तोच छापला गेला.

तपासणीचा रिपोर्ट आला तो क्षयरोगाचा. कोड बदलायला फाइल उघडली आणि माझाच जुना आकडा समोर आला. आजोबांना रिपोर्टसाठी बोलावलेली तारीख उलटून गेली होती आणि ते फिरकलेच नव्हते.

डॉक्टरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले, “आधी त्यांना बोलवा. कॅन्सर नाही, क्षयरोग आहे, एवढं फोनवरच सांगा.” ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

फोन आजोबांच्या सुनेनं उचलला. रिपोर्ट न्यायला का आला नाहीत, असं मी विचारलं.

“कशाला येयाचं, मॅडम? माझ्या भाचीनं कार्डावरला नंबर मोबाइलात घातला. कॅन्सर दाकवलं की. मामा म्हणले, कळलं न्हवं, आता हेलपाटे कशाला.” मामा म्हणजे तिचे सासरे.

कॅन्सर नाही, तो आकडा मी चुकीचा घातला, क्षयरोग आहे आणि तो गोळ्यांनी बरा होतो, पण गोळ्या लगेच सुरू करायला हव्यात, असं मी एका दमात सांगितलं. मग ती म्हणाली, “पुन्यांदा बदलणार न्हाई न्हवं?” मी पार ओशाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी दहा वेळा तरी दारात जाऊन आले. एवढं सांगूनही माझ्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? अकराच्या सुमारास सुनेच्या मागोमाग आजोबा आत आले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या. आजोबा बाहेर बाकावर बसल्यावर मी हात जोडले आणि म्हटलं, “आजोबा, ती चूक माझी.”

“व्हय, सून म्हणली.” ते माझ्याकडे निरखून बघत होते. “टीबी हाय म्हणं. लई बेस झालं.”

क्षयरोग झाला म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. पण आजोबांचा चेहरा मध्येच उतरला.

“एक घोटाळा झाला बगा. आता काय ऱ्हात न्हाई म्हणून दोनी पोरांस्नी मेंढरं वाटून दिली. बघवंना म्हणून तिकडं फिरकलोच न्हाई. आता मागं कसं मागू? आन् मेंढरांबिगर दिसभर करू काय?”

आकडा संगणकात बदलता आला, हे कसं बदलणार होते?

सून गोळ्या पिशवीत ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, “कळप फोडलाच न्हाई, मामा. तुमी हाय तवर फोडायचा न्हाई, असं दोगांनी ठरवलं हुतं.”

आजोबांनी मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. मग उठले आणि मला विचारलं, “एस्टी कितीला हाय?”