लाल पिल्लाचं भांडं

आजकाल दुपारी डोळा लागला की तेच दिसतं. धुक्यानं ओलं झालेलं धानाचं तणस, त्यावर कोवळं ऊन, आणि गोठ्याच्या दारात बायको बसलेली. मांडीवर लाल पिल्लू. मी हाक मारत नाही. मारली की दोघंही जातात.

गेल्या धानकटाईत ती गेली. लोक म्हणतात, लिहून काढ, मन हलकं होते. होत नाही. तरी लिहितो.

मध्य प्रदेशात, राजेगावच्या रस्त्यावर आमची वस्ती. तेव्हा धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. मोहल्ल्यातल्या निंबाखाली एक माठ होता, त्यावर एकच गिलास. कोणीही या, त्याच गिलासानं प्या. माठाखाली दगडाची डोणी, तिच्यात मोहल्ल्याची सगळी कुत्री तोंड घालत. वेगळं भांडं ही गोष्टच आम्ही हाकलून दिली होती. माणसांत नाही, मग कुत्र्यांत कशाला?

दोन पिल्लं बायकोनं लांजीच्या बाजारातून आणली, एक लाल, एक काळं. बसमध्ये पदराखाली हलताना पाहून कंडक्टर म्हणाला, “बाई, पोरगं लई वळवळ करते.”

ती म्हणाली, “जुळे हायेत. तिकीट लागते का?”

मळणीच्या दिवसांत लाल खोकू लागलं. घशात हाड अडकल्यासारखं. हाड नव्हतं. मग डोळ्यांत पिवळी चिपडं, नाकाला पापुद्रे, अंग तव्यासारखं तापलेलं. पंज्यांचे तळवे चपलेच्या तळासारखे कडक झाले. एका सकाळी जबडा आपोआप कटकट वाजू लागला आणि तोंडाला फेस आला. शेजारचा बुढा लाठी घेऊनच आला.

“पिसाळलं हे. बाजूले हो.”

“आधी डॉक्टरले दाखवतो, काकाजी,” ती म्हणाली. “लाठी कुठी पळून नाही चालली.”

टोपलीत घालून वर पोतं बांधलं आणि सायकलनं बालाघाटच्या ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे पाहिले, तळवे दाबले. म्हणाला, “पागल नहीं है. कुत्तों की छूत की बीमारी है, डिस्टेंपर. इसकी दवा नहीं. सुई पहले लगती है, बाद में नहीं. गरम रखो, आँख-नाक पोंछो, पेज पिलाओ. बचा तो बचा. घर में दूसरा है?”

“हौ, काळं आहे,” मी म्हणालो.

“उसको दूर बाँधो. और इसका बर्तन अलग करो.”

परतताना टोपली घेऊन ती सायकलच्या मागं बसली, वैनगंगेच्या पुलापर्यंत आलो. मग मागून आवाज आला, “बर्तन अलग. लहानपणी शाळेत हेच आयकलं होतं मी.”

“तो कुत्र्याचं बोलला.”

“समजते मले. कानाले नाही समजत.”

घरी आली ती सरळ निंबाखाली गेली. डोणीवर उकळतं पाणी ओतलं आणि डोणी पालथी घातली. बुढा ओसरीवरून बघत होता.

“काहून वं, आता कुत्र्यातही विटाळ पाळाले लागली?”

“विटाळ कितीबी धुतला तरी जात नोहता, काकाजी. हे उकळत्या पाण्यानं जाते.”

मोहल्ला तिच्याशी बोलेना. पुढं बुढ्याचं कुत्रं खोकू लागलं, तेव्हा त्यानंच आपल्या दारात त्याच्यासाठी वेगळं खापर ठेवलं. बोलला तरी नाहीच.

काळं मी शेतातल्या कुडाच्या खोपडीत बांधलं, लाल घरच्या गोठ्यात. काळ्याचं खाणंपिणं माझ्याकडं, लालचं तिच्याकडं. मी काळ्याचा माणूस, त्याच्याकडं छूत नेईन म्हणून गोठ्यात मला मनाई. अंगणाच्या कडेला उभं राहून बघायचो. सकाळी धुकं इतकं असायचं की आधी तिचा आवाज दिसायचा, मग ती. असंच वाटायचं, काय सांगू. कोमट पाण्यात कापूस बुडवून ती लालचे डोळे पुसायची. ओठाच्या कोपऱ्यातून पेज थेंब थेंब सोडायची. झटका आला की तोंडाला हात लावत नसे, डोकं आपटू नये म्हणून भोवती तणस लोटायची. कोपऱ्यात लालचं खापर वेगळं. त्याच्याजवळ आपलं ताट घेऊन ती रोज तिथंच जेवायची.

“घरात जेव ना,” मी लांबून म्हणायचो.

“भांडं येगळं केलं न मी. मंग जेवाले कोणी संग पाह्यजे.”

ते मरणार असं मी धरूनच चाललो होतो. तिला तसं सांगितलंही. तिनं कापूस पुन्हा कोमट पाण्यात बुडवला. एका दुपारी उन्हात लालनं मान उचलली, खापराकडं सरकलं आणि आपल्या जिभेनं पेज चाटली. ती ताट पुढं ओढून जेवू लागली.

लाल जगलं. काळ्याला काही झालं नाही. लालचा मागचा एक पाय मात्र कायम उडत राहिला, झोपेतसुद्धा. कोणी हळूच दार ठोकावं तसा. ती त्या पायावर हात ठेवून बसायची आणि त्या ठोक्यावर मला झोप लागायची.

पुढं वर्षं सरली, दोन्ही कुत्री गेली, घरात सून आली. शेवटी तिलाच खोकला लागला. दवाखान्यानं सांगितलं म्हणून सुनेनं तिचं ताट, गिलास वेगळं केलं. सुनेचं बरोबर होतं. मी माझं ताट उचललं आणि तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसलो.

तिनं डोळे उघडले. “काहून, मी लाल आहो का?”

“हौ.”

“मंग काळ्याजवळ कोण आहे?”

“कोणी नाही. आता मी इथंच बसतो.”

त्या दिवशी तिनं थोडी पेज घेतली.