ट्रॅक्टरवरून पडलेले वडील

आमचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी धायरीच्या शेतात ट्रॅक्टरवरून पडून गेले, असं आमच्या घरात सांगतात. पडले हे खरं. पण त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या छातीत दुखत होतं. डावा हात त्यांनी दोनदा माझ्याकडून चोळून घेतला होता. हृदय बंद पडल्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आजोबाही साधारण त्याच वयात झोपेत गेले, म्हणून लोक त्यांना पुण्यवान म्हणत. आमच्या घराण्यात पुण्यवान माणसं जरा लवकरच निघत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझी सोयरीक जमत आली होती. चुलते आईला म्हणाले, "वहिनी, छातीचं कुणाला बोलू नका. दोन पिढ्या अशा गेल्या म्हणल्यावर पोरीला कोण करून घेईल? ट्रॅक्टरवरनं पडला म्हणायचं. खोटं न्हाय ते."

वर्षाच्या आत माझं लग्न उरकलं. सासरी तेच सांगितलं. आठ वर्षांच्या माझ्या भावालाही तेच सांगितलं, आणि तो ते खरं मानून मोठा झाला.

पुढे शेतावर बिल्डर आला. ज्वारीच्या जागी बारा मजले उभे राहिले आणि त्यातले दोन फ्लॅट आम्हाला मिळाले. भाऊ इंजिनिअर होऊन हिंजवडीच्या एका कंपनीत लागला. सकाळी सातला घर सोडायचा, दिवसभर खुर्चीत बसायचा, रात्री बाहेरून मागवलेलं खायचा. चुलते गावभर सांगत फिरायचे की आमचा पुतण्या एसीत बसून कमावतो. त्याच्या खांद्यात कळ यायची, तर लॅपटॉपच्या बॅगेमुळे असेल म्हणून आम्ही खांद्याला बाम चोळायचो.

एका रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीचा फॉर्म तिथेच बसून भरत होता. मध्येच त्याने मान वर करून विचारलं, "ताई, आपल्यात कुणाला हार्टचा त्रास होता का गं?"

शेजारी माझा नवरा पेपर वाचत होता, आणि सासूबाई लसूण सोलत होत्या.

"नाही रे," मी म्हणाले. "वडील तर ट्रॅक्टरवरून पडले."

वाक्य जिभेवर तयारच होतं. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, मला कोण घराबाहेर काढणार होतं? तरीही भ्याले. त्याने 'नाही'वर खूण केली. त्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, पण वय कमी आणि घरात कुणाला काही नाही, म्हणून कंपनीचे डॉक्टर म्हणाले, तेलकट कमी करा, वर्षाने बघू. त्याने वडे सोडले. पुढची दोन वर्षं तपासणीला गेला नाही, कारण कामाची गडबड.

एक्केचाळिसाव्या वर्षी एका सकाळी तो बूट घालायला खाली बसला आणि उठला नाही.

तेराव्याला काकू रडता रडता बोलून गेली. चुलत्यांनी पाच वर्षांपूर्वी गुपचूप दोन स्टेंट बसवून घेतले होते. गावात सांगितलं होतं, काशीला गेलोय. मला काशीचा प्रसादही मिळाला होता. त्या माणसाला ओरबाडावंसं वाटलं मला. पण त्यांनी निदान कुणी तोंडावर विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर चुलते भावजयीला हळूच म्हणाले, "पोरगी लग्नाची व्हईल आता. लोकांना डेंगी सांगा."

भाची सतरा वर्षांची आहे, अकरावीत. ती तिथेच पत्रावळी गोळा करत होती. मी सगळ्यांसमोर, नवऱ्यासमोर, तिला सांगितलं, "तुझे पणजोबा, आजोबा आणि बाबा तिघंही हृदयाने गेले. पडून कुणीही गेलं नाही. तुझं रक्त आत्ताच तपासायचं."

चुलते उठून बाहेर गेले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आत्या, तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"बाबांनी तुला कधी विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मीच तिला तपासणीला घेऊन गेले. तिथे फॉर्म होता, आणि त्यात तोच प्रश्न होता. मी शेजारी बसले होते. तिने तो एकटीने भरला, मला एक शब्द विचारला नाही.