मागच्या सीटवरचा सेतुराव

पहिल्या भेटीत सेतुरावानं माझ्याशी हात मिळवला नाही. तो खाली वाकला आणि त्यानं माझी पोटरी दाबून पाहिली, बाजारात बैल बघतात तशी. आधी डावी, मग उजवी. उठून हात झटकले आणि म्हणाला, "माल ठीक आहे. डोकं कसं आहे ते रस्त्यावर कळेल."

हा माणूस जन्मापासून आंधळा. आंधळा म्हणू नये, अंध म्हणावं, असं मला सायकलयात्रेच्या पोरांनी आधीच शिकवून ठेवलं होतं. मी त्याच्यासमोर अंध म्हणालो तर तो म्हणाला, "का रे, तसं म्हटल्यानं थोडं दिसायला लागतं?" तेव्हापासून मी आंधळाच म्हणतो. त्यानं मला पहिल्याच मिनिटाला अरेतुरे केलं, म्हणून मीही केलं.

केतकी नावाची एक मराठी मुलगी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती दरवर्षी सायकलयात्रा काढते, चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेनं रामेश्वरपर्यंत. लोक देणग्या देतात, त्यावर अंध मुलींचं एक वसतिगृह चालतं. यात्रेत काही सायकली दोघांच्या असतात. पुढं डोळस बसतो, मागं आंधळा. दोघांची पायडलं साखळीनं एकमेकांना बांधलेली, एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरणारच. हँडल, ब्रेक पुढच्याच्या हातात. मागच्याला ओरडून सांगायचं, डावीकडे खड्डा, उजवीकडे वळण, स्पीडब्रेकर. मागचा त्याप्रमाणे अंग सावरतो.

सेतुरावाला पुढं बसणारा कोणी टिकत नव्हता. बँकेतल्या एका पोराला त्यानं रडवलं होतं. म्हणून केतकीनं मला विचारलं. मी जगताप, फलटणकडचा. शाळा चौथीपर्यंत, ती मीच सोडली, शाळेनं मला सोडलं नाही. चेन्नईजवळ अवडीला सरकारी कारखान्यात वेल्डर म्हणून जन्म गेला आणि सगळा जन्म सायकलवरून कामाला गेलो. आता मुलाकडे अण्णा नगरला राहतो. तिथं माझं काम म्हणजे सकाळी दूध आत घेणं आणि कुरियरवाल्याला दार उघडणं. त्या पुढच्या सीटवर बसलो की एक अख्खा माणूस माझ्या भरवशावर असायचा. मला ती सीट हवी होती. दुसरं काही नको होतं.

सेतुराव तंजावरचा मराठी. पूर्वज केव्हाचे इकडे आलेले, मराठी जुनी, चाल तमिळची. "मज", "तुज" म्हणायचा आणि मध्येच "पोदुम" म्हणजे पुरे म्हणून तोंड बंद करायचा, आपलं नाही, समोरच्याचं. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. लग्न नाही. चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात ज्या लॉजना मॅन्शन म्हणतात, त्यातल्या एका खोलीत तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा.

दर रविवारी पहाटे आम्ही महाबलीपुरमपर्यंत सराव करायचो. समुद्राचा वारा तोंडावर. मी दमलो आणि नुसते पाय फिरवायला लागलो की मागून आवाज यायचा, "जगताप, तुझा उजवा पाय पगार घेतो, काम करत नाही." खोटं बोलायची सोय नव्हती, साखळी एकच. एकदा मी बोलता बोलता माझ्या बायकोबद्दल सांगितलं, की चाळीस वर्षं संसार केला आणि तापाचं निमित्त होऊन गेली. तो म्हणाला, "सुटली बिचारी."

मी सायकल थांबवली. त्याला उतरवलं, सायकल त्याच्या हातात दिली आणि गेलो. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, लॉऱ्या जाताहेत, तो सायकल धरून उभा. मी पलीकडे शहाळं प्यालो, त्यातली मलई खाल्ली, सावकाश. परत आलो तर शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. म्हणाला, "येणार हे मज ठाऊक होतं. माझ्यासाठी नव्हे. सायकलीसाठी." ते खरं होतं.

मैलापूरला एका सभागृहात देणगीदारांचा कार्यक्रम झाला. एक दागिने घातलेल्या बाई माईकवर म्हणाल्या, "यांना काही दिसत नाही, तरी बघा किती हसतमुख आहेत." सेतुराव जागेवरूनच मोठ्यानं म्हणाला, "दिसत नाही म्हणूनच हसतोय, अम्मा. तुम्ही दिसला असतात तर गंभीर झालो असतो." सगळं सभागृह हसलं. बाईंनी माईक ठेवला. केतकी रडकुंडीला आली होती. रिक्षात मी त्याला म्हणालो, "त्या बाईचा चेहरा पडला." तो म्हणाला, "कसा पडतो चेहरा? मज सांग. मी कधी पाहिला नाही." मी सांगितलं. त्यानं ते अगदी लक्ष देऊन ऐकलं आणि खूश झाला. असा माणूस.

यात्रा निघाली. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या पुढं होतो. दुसऱ्या दिवशी पुदुच्चेरी ओलांडलं. त्यानंतर एका गावात शाळा सुटली होती, पोरं रस्त्याच्या कडेनं चालत होती. मला वाटलं काही झालं नाही. मागं सेतुराव एकदा "अरे" म्हणाला, एवढंच. त्या संध्याकाळी त्यानं जेवताना कोणाला टोमणा मारला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिदंबरमला इडलीच्या पानांवर सगळे बसलेले. सेतुराव उठला आणि टेबलावर हात आपटला. म्हणाला, "ऐका. ह्या जगतापला डाव्या बाजूचं दिसत नाही."

मी म्हणालो, "तुला कोणी सांगितलं? तुला काय दिसतं?"

"मज काहीच दिसत नाही, म्हणून मी मोजतो. उजवीकडचे खड्डे तू वेळेवर सांगतोस. डावीकडचे आधी उशिरा सांगायचास, आता सांगतच नाहीस. माझ्या कंबरेला विचार."

मी उठलो. लांबच्या बसवरची पाटी वाचून दाखवली. पलीकडच्या दुकानाचं नाव, त्याखालचे बारीक आकडे, सगळं धडाधड. पोरं टाळ्या वाजवायला लागली. सेतुराव म्हणाला, "सेरी, ठीक. आता मान हलवू नकोस, समोर बघ. केतकीनं किती बोटं वर केलीत?"

"कोणती केतकी?" मी म्हणालो. "ती इथं कुठंय?"

एक पोरगं फसकन हसलं. मग कोणीच हसेना. मी मान वळवली. केतकी माझ्या डाव्या खांद्याशी उभी होती, हात वर करून. केव्हापासून उभी होती देव जाणे. तिनं हात खाली घेतला आणि म्हणाली, "काका, सॉरी." तिच्या त्या सॉरीचा मला जितका राग आला तितका सेतुरावाचाही आला नाही.

मी त्याला विचारलं, "कधीपासून ठाऊक होतं?"

"महिना झाला."

"मग महिनाभर गप्प का बसलास?"

"मजही जायचं होतं. तुझ्याशिवाय मज कोण नेणार? काल माझ्या गुडघ्याला पोराचं दप्तर घासून गेलं. मी मेलो तर चालतं. ते पोरगं नको." आणि खाली बसून त्यानं उरलेली इडली खाल्ली.

झालं. आमची सायकल सामानाच्या व्हॅनच्या टपावर चढली आणि आम्ही दोघं आत, केळ्यांच्या घडांशेजारी. दुसरा पुढं बसणारा नव्हता, म्हणून त्याचीही यात्रा तिथंच संपली. रामेश्वरपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. त्याला करमेना. "जगताप, डावीकडे काय दिसतंय?" असं विचारायचा आणि एकटाच हसायचा. पोरं येऊन माझ्या पाठीवर हात फिरवायची. त्यांना तो सांगायचा, "त्याला कुरवाळू नका, तो मांजर नव्हे. डोळे खराब झालेला म्हातारा आहे."

रामेश्वरला शेवटच्या रस्त्यावर केतकीनं सायकल खाली काढली. म्हणाली, एवढा तुकडा तरी दोघं चालवा, रस्ता बंद केलाय, समोर कोणी येणार नाही, फोटो निघेल, लोक हार घालतील. माझ्या मनात होतं. का खोटं बोलू, फार होतं. सून-मुलानं तो फोटो बघावा असं वाटत होतं. मी हँडल धरलं. सेतुराव व्हॅनमधून उतरलाच नाही. म्हणाला, "व्हॅननं आलो, व्हॅनमधून उतरेन. फोटोसाठी माझे पाय मिळणार नाहीत." मी हँडल धरून उभा राहिलो, मग सोडून दिलं.

चेन्नईत मुलानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. कडेकडेनं खात आत येतो, समोरचं शेवटी जातं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं. मुलानं त्याच आठवड्यात माझी जुनी सायकल कोणाला तरी देऊन टाकली. मला विचारलं नाही.

मग मी सेतुरावाकडेच गेलो. दुसरं कुठं जाणार होतो? बसून चार शिव्या द्याव्यात म्हणून गेलो होतो. त्यानं त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "डोळे मीट. चल, समुद्रापर्यंत." तिरुवल्लिकेणीच्या गल्ल्या, आडव्या लावलेल्या स्कूटरी, गाई, फुलवाल्या. तो पुढं, मी मागं डोळे मिटून. पहिल्याच कोपऱ्यावर माझं कपाळ विजेच्या खांबावर आपटलं. तो थांबला. "लागलं? छान. आता तो खांब तुझा झाला." पुढं खांब येतोय हे त्याला ठाऊक होतं. दर शुक्रवारी जायचो. रक्त यायचं तेव्हा तो विचारायचा, कुठून येतंय, आणि मी सांगितलं की मान डोलवायचा. मुलगा म्हणायचा, त्या माणसाकडे जाऊ नका. मी जायचो.

साखरेनं त्याची मूत्रपिंडं गेली. सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा अंग सुजलं होतं, जीभ तशीच. नर्सला विचारत होता, सुई तू टोचतेस की शिकतेस. आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी त्याला विचारलं, जे चिदंबरमपासून विचारायचं होतं. "सगळ्यांसमोर का सांगितलंस? मला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं."

"एकट्याला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

मी विचार केला. "नाही."

"मग?" तो म्हणाला, "आणि मज मजाही आली. पोरगी तुझ्या कानाशी उभी आणि तू विचारतोस कुठंय." हसता हसता त्याला खोकला लागला. मी पाणी दिलं नाही. नर्सनं दिलं.

त्यानंतर लवकरच गेला. मला कळलं तेव्हा अग्नीही देऊन झाला होता. मी त्याच्या मॅन्शनवर गेलो. खोली धुवून काढली होती, त्याची खाट बाहेर भिंतीला उभी होती. तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात त्याचे शेजारी बसले होते, हॉटेलात काम करणारे, परीक्षेला बसणारे, सगळे एकटे. मी जरा वेळ बसलो. कोणी चहा आणला. निघताना मी जिन्याशी आलो. तो जिना अरुंद, वळणाचा, दिवसाही अंधारा, आणि माझी डावी बाजू तर आता कोरीच. एक तरुण पटकन उठला. दुसऱ्यानं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं आणि मला तमिळमध्ये म्हणाला, "राव सार सांगून गेलेत. जगताप येईल, त्याला जिन्यावर कोणी हात द्यायचा नाही."

मी उतरायला लागलो. वळणावर पायरी चुकली, गुडघा भिंतीवर आपटला, चांगला आपटला. वरून सगळे कठड्याला टेकून बघत होते. कोणीही खाली आलं नाही.