उतारावरचा सौदा

इलेक्ट्रिक गाडी विकणाऱ्यानं मला फसवलं. शेळीचे दात बघितल्याशिवाय भावाला तोंड न उघडणाऱ्या मला.

गाडी दाखवायला त्यानं तुळजापूरहून तामलवाडीकडं उतरणारा घाट निवडला. चालवत तोच होता. ॲक्सिलरेटरवरनं पाय उचलला की गाडी आपोआप मंदावायची आणि पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा उलटा वाढायचा.

"बघा काका, उतार गाडीला चारा घालतोय," तो म्हणाला आणि पुढं काही समजावू लागला. मी त्याला तिथंच तोडलं. विकणारा गुण सांगू लागला की कान झाकायचे, नाहीतर भाव चढतो, हे मी बाजारात अनवाणी फिरून शिकलोय.

"गुण राहू दे, भाव बोल."

भाव मनासारखा पाडला आणि मिशीला पीळ देत घरी आलो.

माझी थोरली बहीण तेरखेड्याला असते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. जन्म फटाक्यांच्या कामात गेला, म्हातारपणी डोळ्यांत काचबिंदू. उरलेली नजर फार टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला एकच बघायचं होतं: नळदुर्गाहून अणदूरला परत येणारी खंडोबाची पालखी. देवापुढं उडवायला तिनं स्वतःच्या हातानं भुईनळे भरले होते. मी म्हणालो, "अक्का, नव्या गाडीतनं नेतो."

डिझेलच्या जीपपासूनची माझी सवय, उतार दिसला की न्यूट्रल. तसंच करत गेलो. गाडी सुसाट सुटायची, वळणावर कचकन ब्रेक.

"जरा दमानं की रं."

"फुकटात पळतीय अक्का!"

"फुकट म्हणलं की तुला लई उकळ्या फुटत्यात."

तुळजापूर सोडलं तेव्हा चार्जिंगचा आकडा पार तळाला गेला होता. नळदुर्गाच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. देवाला निघालेल्या जिपा टपापर्यंत भरलेल्या; अक्काच्या गुडघ्यांना तिथं जागा कुठली? गाडी ओढायला ट्रॅक्टर मिळेस्तोवर अंधार पडला. लांब आभाळात शोभेची दारू उडू लागली.

"आली व्हय पालखी?" तिनं विचारलं. भुईनळ्यांची पिशवी मांडीवरच होती.

"इथंच लावू का भुईनळे?"

"नगं. देवाचे हायेत ते."

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन मी त्या विकणाऱ्यावर आरडाओरडा केला. तो म्हणाला, "काका, न्यूट्रलमध्ये बॅटरीत काहीच परत जात नाही. गाडी गिअरमध्येच ठेवायची, वळणाच्या आधीच पाय हळू उचलायचा. तेच सांगत होतो, तुम्ही बोलू दिलं नाही."

"मग चावी देताना का सांगितलं नाहीस?"

त्यानं टेबलावरचे कागद आवरायला घेतले.

आता मी तशीच चालवतो. पुढं वळण दिसलं की पाय उचलतो; सपाटीवर गाडी तिच्या वेगानं वाहू देतो. परवा तेरखेड्याहून अणदूरला त्याच वाटेनं गेलो, पोचल्यावरही चार्जिंग शिल्लक होतं. अक्का शेजारी होती. देवळाच्या पायरीवर हात फिरवून तिनं विचारलं, "हितंच का रं?" तिला आता काहीच दिसत नाही.

सौद्याच्या वेळी माझ्या आवाजाला तो विकणारा भ्याला असेल. पण ज्याला माहीत आहे त्यानं भिऊन गप्प बसायचं नसतं. त्यानं तेरखेड्याला यावं. भुईनळ्यांची पिशवी अजून अक्काच्या फडताळात आहे. तिच्यासमोर बसावं आणि मला नाही, तिला सांगावं, चावी देताना तो गप्प का राहिला.