पाहुण्यांचा वायफाय

गोव्यातल्या मांद्र्यात समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर सुविधा मांद्रेकर यांचे चार खोल्यांचे गेस्टहाऊस आहे. मागच्या दोन खोल्यांत त्या, टॅक्सी चालवणारा नवरा सर्वेश आणि मुलगी तेजस्विनी राहतात. बुकिंग, चाव्या, चादरी, सगळे सुविधाबाईच पाहतात. २०१९ साली दहावीच्या पूर्वपरीक्षेत तेजस्विनी गणितात नापास झाली, तेव्हा तिच्या फोनचा कारभारही त्यांनी हातात घेतला.

मुलांच्या इंटरनेटला वेळ ठरवून देणारे अ‍ॅप त्यांनी राऊटरला जोडले. दुपारी दोन ते पाच, घर जेवून आडवे होते त्या वेळात, तेजस्विनीचा फोन बंद. फोनात सिम नव्हते, नेट मिळे ते वायफायवरच. बोर्डाच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

आठवडाभर मुलीने चकार शब्द काढला नाही.

"बघ, पोरगी सुधारली," सर्वेश म्हणाला.

"ती भांडल्याबिगर रवता? कायतरी चुकलां माझां."

चुकले होतेच. अ‍ॅपमधल्या नोंदींप्रमाणे तेजस्विनीचा फोन आठ दिवसांत घरच्या वायफायवर आलाच नव्हता. पाहुण्यांसाठी वेगळा वायफाय होता. त्याला वेळेचे बंधन नव्हते, आणि पासवर्डाचे कार्ड प्रत्येक खोलीत लावलेले होते. ही कार्डे दर हंगामाला तेजस्विनीच लिहायची. घरात अक्षर तिचेच चांगले.

ऐन हंगामात पाहुण्यांचा वायफाय बंद करणे शक्य नव्हते. सुविधाबाईंनी त्या वायफायला जोडलेल्या फोनांच्या यादीतून मुलीचा फोन शोधला आणि तेवढाच तिथून कायमचा काढून टाकला. पाच मिनिटांचे काम. दोन वाजून एक मिनिटाने तेजस्विनी बाहेर आली.

"आई, पावण्यांक सगळां मोकळां आनि घरच्यांक कुलूप?"

"पावण्यांक दहावी नाय. तुका आसा. पुस्तक घेवन ये."

त्या दिवसापासून दुपारी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला सुविधाबाई उशांच्या खोळींना इस्त्री करत आणि दुसऱ्या टोकाला तेजस्विनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा उत्तरांसकटचा संच सोडवी. गणित आईला येत नव्हते. उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळते का, एवढे त्यांना पाहता येत होते. जुळले नाही तर पुन्हा.

निकाल लागला. गणितात ऐंशीपैकी एकसष्ट. दुपारचे बंधन त्याच दिवशी निघाले.

ऑक्टोबरात नवी कार्डे लिहिताना तेजस्विनीने विचारले, "पावण्यांच्या वायफायार माझो फोन अजून बंदच?"

"घरची ना गे तू," सुविधाबाई म्हणाल्या. "घरच्या वायफायार रव."